खोडव्याची नोंद आणि बाराचं ऊन

"मॅडम, हे काय मुंग्यांचं वारूळ हाय काय?"

इंगळे साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून कॉम्प्युटरच्या काचेवर बोट टेकवत होते. काचेला बोट लावलेलं मला मुळीच खपत नाही, पण ते साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी. माझ्याकडे कॉम्प्युटर विभाग होता. विभाग म्हणजे मी, एक ऑपरेटर आणि एक ए.सी. त्या ए.सी.पायी उन्हाळ्यात दुपारी अर्ध्या कारखान्याला माझ्याकडे काहीतरी काम निघायचं. कारखान्याचं नाव सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही, मनाला येईल तो धरा.

नकाशावर एका जागी ठिपक्यांचा ढीग पडला होता. चाळीसेक ठिपके, एकावर एक.

"हे मगदूम अण्णांचे," मी म्हटलं.

"म्हणजे गड्यानं एका जागी बसून नोंदी केल्या. शेतात गेलाच न्हाय! मला वाटतच हुतं." इंगळे साहेबांना आनंद झाला होता. तो लपवण्याची तसदीही त्यांनी घेतली नाही.

आता नोंद म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शेतकऱ्याने ऊस लावला की कारखान्याचा माणूस शेतात जाऊन प्लॉट बघतो. क्षेत्र किती, उसाची जात कुठली, लावण कधीची, हे लिहून आणतो. ही नोंद. कोणाचा ऊस आधी तुटणार ते या नोंदीवर ठरतं. म्हणून आमच्याकडे नोंदीवरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. त्याचीही वेगळी नोंद लागते आणि ती भर उन्हाळ्यात होते.

शेतात ऊस नसताना नोंद लावली तर ती बोगस. बोगस नोंद करणारा माणूस आमच्या भागात चोरापेक्षा वाईट. चोर निदान एकाचंच नेतो.

दोन हजारचं दशक सरत आलं होतं. त्या वर्षी नोंदीसाठी हातात धरायची मशीन घेतली होती. दिसायला आजच्या स्मार्टफोनचा जाडजूड थोरला भाऊ. रंगीत टच स्क्रीन, लिहायला प्लॅस्टिकची काडी, आत जीपीएस. माहिती भरून 'सेव्ह' दाबलं की माणूस त्या क्षणी कुठे उभा आहे ते मशीन आपोआप टिपायचं. तोच हा ठिपका. विकणाऱ्या कंपनीच्या साहेबाने बोर्ड रूममध्ये पडदे ओढून डेमो दिला होता. चेअरमनना सगळे आबा म्हणत. आबा मशीन हातात घेऊन म्हणाले होते, "टीव्हीच की रं ह्यो!" खरेदी तिथेच पक्की झाली. आता घरात बसून नोंद करणारा बरोबर सापडणार, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

आणि पहिल्याच फेरीत सापडले बसाप्पा मगदूम.

मगदूम अण्णा म्हणजे आमचे शेतकी मदतनीस. पन्नाशी ओलांडलेली. सीमेकडचे, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्हीतला आवाज एकसारखा मोठा. फोनवर बोलायचे तेव्हा फोनची तशी गरजच नसायची. भांडखोर माणूस. जीप वेळेवर आली नाही की ड्रायव्हरपासून एम.डी.पर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचे. त्यामुळे त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं.

इंगळे साहेबांनी सस्पेंशनचा कागद टाइप करून घेतला. दोन दिवसांनी आबांपुढे पेशी ठरली. अण्णांच्या नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. त्यात बोगस नोंदीचा शिक्का बसला असता तर नोकरी तर गेलीच असती, वर गावात पारावर बसायची सोय राहिली नसती.

मी अण्णांना बोलावून घेतलं. ठिपके मी काढले होते, तर निदान विचारायला तरी हवं.

"अण्णा, शेतात गेला होता का?"

"गेलतो की."

"सगळ्या प्लॉटवर?"

"बांध न् बांध तुडवलाय. इचारा कुणालाबी."

"मग सगळे ठिपके मोटरखोलीवर कसे?"

ही मोटरखोली म्हणजे पाणीपुरवठा संस्थेची. नदीचं पाणी उचलून अण्णांच्या हद्दीतल्या माळावर चढवलेलं. सगळा माळ उसाखाली आला आणि झाडं गेली.

अण्णा गप्प बसले. हे काही बरं लक्षण नव्हतं. अण्णा गप्प बसलेले मी कधी बघितले नव्हते. त्यांच्या नाकावर नवा कोरा, सोनेरी काड्यांचा चष्मा होता. तो काढायचे, पुसायचे, परत लावायचे.

"तुमचं मशीन. तुमास्नीच ठावं," ते शेवटी म्हणाले.

मी मशीन त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, वाचा. त्यांनी धडाधडा वाचलं. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, काही चुकलं नाही. वाचता वाचता तोंडातून निघून गेलं, "हितं दिसतंय की!"

"हितं म्हणजे? तिथं दिसत नाही का?"

"तसं कुठं म्हटलं मी?" आणि उठून गेलेच.

आता मला राहवेना. दुसऱ्या दिवशी जीप मागितली, अण्णांना जबरदस्तीने बसवलं आणि माळावर गेले. बाराचा सुमार. खोडवा गुडघ्याएवढा, सावलीला म्हणून काडी नाही. गडमुडशिंगीत आमची शेती आहे, पण भर दुपारी रानात जायचं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. एका प्लॉटच्या मधोमध उभी राहिले, मशीन चालू केलं आणि स्क्रीनकडे बघितलं.

स्क्रीनवर मी दिसले. डोक्यावरची ओढणी, घामेजलेलं तोंड, मागे आभाळ. बाकी काही नाही. काळी काच नुसती आरसा झाली होती.

ब्राइटनेस वाढवायचा म्हटलं तरी ती खूण कुठे आहे ते दिसायला हवं ना! जीपमध्ये बसून वाढवला, पूर्ण शेवटपर्यंत, आणि परत बाहेर आले. एवढा फरक पडला की आरशात काहीतरी हललं. ओढणीचा आडोसा केला तर काडी धरायला हात उरेना.

यात जादू काही नाही. अशा स्क्रीनला पाठीमागून एक दिवा असतो, त्याला बॅकलाइट म्हणतात. खोलीत तो दिवा भारी पडतो. भर उन्हात सूर्यापुढे त्याचं काही चालत नाही. दुपारी अंगणात बॅटरी लावून बघा, पेटलीय की विझलीय कळत नाही. त्यात वरची काच गुळगुळीत, ती आभाळच परत डोळ्यांत मारते. गंमत म्हणजे अण्णांच्या खिशातला साधा बटणांचा मोबाइल त्याच उन्हात स्वच्छ दिसत होता. त्याचा काळा-पांढरा स्क्रीन बाहेरचा उजेड आत घेऊन तोच परत फेकतो, म्हणून ऊन वाढलं की तो उलट जास्त खुलतो. हजार-बाराशेचा मोबाइल पास आणि टीव्ही नापास.

"अण्णा, मला काही दिसेना यात," मी म्हटलं.

अण्णा बांधावर होते. तिथून ओरडले, "काय?"

"दिसत नाही म्हटलं! काहीच नाही!"

ते सरी ओलांडत जवळ आले. मशीनकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते. "तुमास्नीबी दिसंना?"

"नाही."

"आयला!" असं म्हणून ते तिथेच सरीत खाली बसले.

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या दिवशी दिसेना, तेव्हा त्यांनी इंगळे साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले, वय झालं, चष्मा बदला. अण्णा कोल्हापूरला जाऊन चष्मा बदलून आले. तरी दिसेना. परत गेले, परत नंबर काढला, नवा चष्मा केला. तरी दिसेना. तेव्हा त्यांची खात्रीच पटली की डोळे गेले.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? त्यो आपल्या शेतकीतला चव्हाण बघा की. डोळ्यावरनं काढला आन् गेटावर बसवला. दिवसभर सलाम ठोकत बसतोय. मी न्हाय बसायचा गेटावर. मग काय, प्लॉट बघायचा, आकडं ध्यानात ठेवायचं, मोटरखोलीच्या पडवीत यायचं. तितं पत्र्याखाली दिसतंय. तितं भरायचं."

"आणि बाकीच्यांना दिसतं?"

"सगळी म्हणत्यात झकास दिसतंय. मीबी तसंच म्हणतोय की!"

मला हसू आलं आणि पाठोपाठ वाईटही वाटलं. हा दांडगा माणूस दोन महिने आपण आंधळे होत चाललो म्हणून मनातल्या मनात कुढत होता, आणि दोष काचेचा होता.

ऑफिसात येऊन पहिल्यांदा सगळ्यांचे ठिपके काढले. आधी कोणी तेवढं बघितलंच नव्हतं. अण्णांचा ढीग दिसला आणि सगळे त्याच्यावरच तुटून पडले. आता नीट बघितलं तर कोणाचे ठिपके गोठ्यावर, कोणाचे देवळाच्या सभामंडपाशी, कोणाचे आंब्याखाली. इतरांच्या हद्दीत झाडं होती, म्हणून ते विखुरले. अण्णांच्या माळावर सावली एकच. अख्ख्या कार्यक्षेत्रात उसात म्हणून एक ठिपका नव्हता.

पेशीच्या दिवशी आबांच्या केबिनमध्ये मी हे सांगितलं. इंगळे साहेबांनी ऐकून घेतलं आणि मशीन चालू करून आबांपुढे धरलं. "ह्यात काय दिसत न्हाय आबा? लख्ख हाय की. कामचुकारांची निमित्तं हाईत ही." केबिनला पडदे, ए.सी. चालू. स्क्रीन लख्खच होता.

"आबा, जरा बाहेर येता?" मी म्हटलं.

"ह्या उन्हात?"

"तुमची माणसं ह्याच उन्हात असतात."

जरा जास्तच बोलले. इंगळे साहेबांनी डोळे वटारले, पण आबा उठले. हंगाम संपून कारखाना बंद झाला होता, त्यामुळे उसाच्या गाड्या उभ्या राहतात ते यार्ड रिकामं, तव्यासारखं तापलेलं. मी आबांना मधोमध उभं केलं. म्हटलं, तुमच्या स्वतःच्या खोडव्याची नोंद करा, हे यार्ड म्हणजे तुमचं शेत समजा. मी आणि अण्णा लांब थांबलो.

आबांनी मशीन जवळ धरलं, लांब धरलं. पाठ सूर्याकडे केली. टोपी काढून तिची सावली केली. इंगळे साहेब पुढे झाले, त्यांनी हात आडवा धरला, तर तो हातच आबांना काचेत दिसायला लागला. मग आबा एक पाऊल सरकले. मग दोन. मग बोलत बोलत, मशीनवरची नजर न काढता, कडेच्या कडुलिंबाकडे चालत गेले. इंगळे साहेब त्यांच्या मागोमाग. लिंबाखाली उभं राहून आबांनी सगळं भरलं, सेव्ह दाबलं आणि तिथूनच हाक मारली, "झाली की नोंद! काय अवघड हाय त्यात?"

मी मशीन नेऊन कॉम्प्युटरला जोडलं. सगळे माझ्यामागे येऊन उभे राहिले. नकाशावर यार्ड आलं. यार्डाच्या मधोमध काहीच नव्हतं. ठिपका कडेला होता.

मग अण्णांचा नेहमीचा आवाज परत आला.

"आबा, तुमचा ऊस तर लिंबाखाली निघाला! तुमचीबी नोंद बोगसच की!"

आबांनी आधी अण्णांकडे बघितलं, मग ठिपक्याकडे, आणि असे हसले की ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "इंगळे, त्यो कागद फाडा." साहेबांनी फाडला. हळूहळू फाडला, पण फाडला.

कंपनीला फोन केला. तिकडचा साहेब म्हणाला, "मॅडम, ब्राइटनेस फुल करा." म्हटलं, केला. "मग सावलीत वापरायला सांगा ना." मी फोन ठेवून दिला, नाहीतर तोंडातून काहीतरी गेलं असतं. शेवटी प्रोग्राममध्ये आम्हीच बदल करून घेतला. मशीनच्या बाजूला एक बटण होतं. प्लॉटवर उभं राहून तेवढंच दाबायचं, बीप वाजला की जागा टिपली गेली. स्क्रीनकडे बघायचंच नाही. बाकीची माहिती मग गोठ्यात भरा नाहीतर देवळात. पण आधीच्या सगळ्या नोंदींच्या जागा चुकलेल्या, त्यामुळे सगळ्यांना सगळे प्लॉट पुन्हा फिरावे लागले. शेतकी विभागाने मला त्या महिन्यात जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या साऱ्या नोकरीत खाल्ल्या नव्हत्या.

अण्णांनी आभार वगैरे मानले नाहीत. ते माझ्या टेबलापाशी आले आणि दोन चष्मे काढून ठेवले. "ह्ये दोन्ही कारखान्याला घाला. त्येलाच दिसंना झालंय." पूर्वीचा जुना चष्मा लावून ते निघून गेले आणि रिटायर होईपर्यंत त्याच चष्म्याने त्यांनी नोंदी केल्या.

चष्मे माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिले. पुढे नवी मशीन आली, मग स्मार्टफोन आले. दर वर्षी कोणीतरी टाय लावलेला साहेब यायचा आणि म्हणायचा, मॅडम, डिस्प्ले बघा कसला ब्राइट आहे. मी म्हणायचे, फार छान, पण इथे नको. बारा वाजू देत, मग यार्डात बघू. त्याला मधोमध उभं करायचं, एक नोंद भरायला सांगायची आणि आपण काही बोलायचं नाही. बहुतेक जण थोड्या वेळाने बोलत बोलत लिंबाकडे चालायला लागायचे.