कोण हो आपण?

इस्त्रीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची पत्र्याची खोली. आत एक टेबल, त्यावर जाड कांबळ्याची घडी, भिंतीला खुंट्या आणि डोक्यावर नुसता शोभेचा पंखा. पंखा लावला की पातळ कापडं उडतात आणि इस्त्री गार पडते, असं त्याचं म्हणणं. उन्हाळा आला की बायको रोज या पंख्यावरून भांडायची आणि रोज हरायची.

त्याच्याशी भांडून जिंकणं तसं अवघडच होतं, कारण गडी पक्का मस्करीखोर. चेहरा गंभीर ठेवून थापा मारण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. ती घरोघरचे कपडे गोळा करून दारात आली, की हा इस्त्री उभी करून विचारायचा, “कोण हो आपण? कुणाकडे आलात?”

तिनं गाठोडं टेबलावर आपटायचं. “गिऱ्हाईक आहे. लवकर आटपा.”

“बायकोला विचारावं लागेल बाई. फार कडक आहे ती.”

आणि मग त्याची डावी भुवई टुणकन उडायची. लग्न झाल्यावर सुरू झालेला हा खेळ, मुलगी सासरी गेली तरी संपला नव्हता. शेजारचा शिंपी कपाळाला हात लावायचा. “तुम्हा दोघांना दुसरा उद्योग नाही का?” ती वरवर वैतागायची, पण एखाद्या दिवशी तो विचारायला विसरला, तर दारातच घुटमळत उभी राहायची.

त्या दिवशी उन्हानं नुसता कहर केला होता. त्यात एका हॉटेलच्या चादरींचा डोंगर येऊन पडलेला. सकाळीच तो म्हणाला, डोकं ठणकतंय. दुपारी डबा उघडला आणि मळमळतंय म्हणून तसाच बंद केला. पाण्याचा तांब्या भरलेलाच राहिला.

“अहो, घरी जाऊन जरा पडा ना.”

“आणि चादरी कोण करणार? तुझे मामा?”

जीभ चालतेय म्हणजे माणूस ठीक आहे, असा तिनं हिशोब केला. ती वरच्या मजल्यांवरचे कपडे घेऊन खाली आली, तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. पण एरवी पाठीला चिकटून असणारा सदरा चक्क कोरडा होता. घाम थांबलेला बघून तिला हायसंच वाटलं. चला, उतरला वाटतं त्रास.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “कोण हो आपण?”

“गिऱ्हाईक आहे. लवकर आटपा.”

“बसा ना. माझी बायको येईल एवढ्यात. तिला सांगा, मला बरं वाटत नाहीये.”

ती खळखळून हसली. आज नवीनच वाक्य काढलं होतं पठ्ठ्यानं! “नाटकं पुरे,” म्हणत तिनं भोकं पाडलेल्या झाकणाची बाटली उचलली, पुढच्या चादरींवर नीट पाणी मारून ठेवलं आणि तयार कपडे पोचवायला बाहेर पडली. भुवई उडाली नव्हती, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

ती परतली तेव्हा दाराशी गर्दी होती. धप्पकन आवाज आला म्हणून शिंपी धावला होता. इस्त्रीखाली चादर जळत होती आणि तो टेबलाच्या पायाशी पडला होता. शिंप्यानं त्याला उचलायला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

दवाखान्यात त्याच्या अंगावर बर्फाच्या पिशव्या ठेवल्या, पंखे लावले. पण फार उशीर झाला होता. दिवस मावळायच्या आत तो गेला.

“काही वेगळं बोलत होते का? असंबद्ध?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ती काय सांगणार? रोजचंच बोलत होते म्हणून? बाई हळू आवाजात सांगत राहिल्या. उष्माघातात घाम कधी येत राहतो, कधी थांबतो. घाम थांबला म्हणजे बरं वाटलं असं नाही. पण अंग तापलेलं आणि बोलणं भलतंच, तर एक क्षण थांबायचं नाही. गार जागी आडवं करायचं, कपडे सैल करायचे, अंगभर पाणी मारायचं, वारा घालायचा आणि लगेच दवाखान्याची गाडी बोलवायची.

अंगभर पाणी मारायचं. ते ऐकलं आणि तिचा बांध फुटला. बाटली तिच्या हातात होती हो! चादरींवर मारलं तिनं पाणी. माणूस समोर जळत होता आणि ती कापडं भिजवत होती.

भेटायला आलेले म्हणाले, त्यांची वेळच आली होती. वेळ कसली डोंबलाची! बायको येण्याची वाट बघत होता तो, आणि ती समोर उभी राहून हसत होती.

आता दुकान तीच चालवते, पंखा लावून. कापडं उडतात, ती उचलून पुन्हा घड्या घालते. आणि ऊन चढलं, की बाटली घेऊन गल्लीत निघते. हमाल, भाजीवाली, परातीत खडी वाहणाऱ्या बाया, प्रत्येकाला पाणी प्यायला लावते आणि विचारते, “सांग, मी कोण?” लोक तिला वेडी म्हणतात. म्हणोत.

परवा समोरच्या इमारतीचा रंगारी शिडीवरून उतरला. त्याला ठाऊक होतं सगळं, पण जिभेला हाड नाही.

“मी कोण?” तिनं विचारलं.

“कोण हो आपण?” तो म्हणाला.

तिनं त्याला दंडाला धरून सावलीत खेचलं, खाली बसवलं आणि अख्खी बाटली डोक्यावर रिकामी केली. सदऱ्याची बटणं काढायला लागली, गाडी बोलवा म्हणून ओरडायला लागली. तो गडबडला. “अहो वहिनी, मस्करी केली! मस्करी!”

“मला नाही ओळखता येत मस्करी,” ती म्हणाली. “नीट सांग. मी कोण?”

रंगाऱ्याचं हसू मावळलं.

“इस्त्रीवाल्याची बायको,” तो म्हणाला.

तेव्हा कुठे तिनं त्याचा दंड सोडला.