बोरन्हाणातल्या नारंग्या

दिल्ली किन्नू खाते आणि त्याला संत्रं म्हणते. आमच्या घरात हे खपत नाही. बाबा नागपूरचे, त्यांच्या मते किन्नू म्हणजे नुसत्या बिया आणि मनगटापर्यंत ओघळ. मला मात्र तो आवडतो, काळं मीठ लावून, गच्चीवरच्या उन्हात. पहाडातून येणारा माल्टाही आवडतो. साल सोडत नाही, म्हणून चिरून चोखायचा. पण थंडीतलं माझं सगळ्यांत लाडकं फळ गाडीवर मिळतच नाही, ते कुंडीत असतं. सुपारीहून जरा मोठी, शेंदरी नारंगी. सालीसकट तोंडात टाकायची. साल गोड, आत आंबट जाळ. कान गरम होतात. लोक तिचे फोटो काढतात आणि फळं झाडावरच सुकू देतात. हा माज आहे, दुसरं काही नाही.

यंदा ताईच्या लेकीचं बोरन्हाण आमच्याकडे, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये ठरलं. बाजारात बोरं होती, पण पेरूएवढी.

"ही डोक्यावर ओतलीस तर पोर आडवी होईल," ताई म्हणाली.

आईला खालच्या पंजाबी आंटींच्या कुंड्या आठवल्या. "बच्ची के सिर पर डालने हैं," असं तिने त्यांना सांगितलं. आंटींनी कौतुकाने टोपलीभर नारंग्या तोडून दिल्या. आईने टोपली नळाखाली धरली आणि झालं.

काळं झबलं, हलव्याचे दागिने घालून भाची पाटावर बसली. चुरमुरे, उसाचे करवे, नारंग्या तिच्या डोक्यावरून ओतल्या. कॉलनीतली पोरं वेचायला तुटून पडली. भाचीने एक नारंगी गालात कोंबली, तोंड वेडंवाकडं केलं आणि दुसरी उचलली. आम्ही हसत होतो. मीही खात होते.

मागच्या खुर्चीवरून आंटी ओरडल्या, "अरे, खा क्यों रहे हैं? परसों ही दवाई छिड़की है इन पर!"

ताईचं बोट लेकीच्या तोंडात गेलं. "थुंक, सोन्या, थुंक!"

"आपने बताया क्यों नहीं?" आई किंचाळली.

"आपने कहा सिर पर डालेंगे! मैंने सोचा, फूलों की तरह!"

दोघी खरं बोलत होत्या. बोरन्हाणात ओतलेलं पोरं खातात, हे आम्हाला इतकं माहीत की ते कुणाला सांगावं लागेल असं वाटलंच नाही.

आंटी धावत जाऊन ते फवारलेलं औषध घेऊन आल्या. पाण्याची जुनी बाटली. आत पांढुरकं काहीतरी. नाव नाही, लेबल नाही. नर्सरीवाल्याने डब्यातून ओतून दिलेलं. विष! पाण्याच्या बाटलीत! देशाच्या राजधानीत, भरदिवसा!

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, हुंगली, खाली ठेवली. "नाम पता होता तो कुछ करते। अब देखते रहिए।"

मग आम्ही बघत राहिलो. पाच पोरं, पाच आया, आणि आंटी. भाचीच्या अंगावर अजून हलव्याचे दागिने होते. तिला झोप आली की ताई तिला हलवून उठवायची. पोर चिडून रडली की आम्हाला बरं वाटायचं. संध्याकाळी सगळ्यांना घरी सोडलं. कुणाला काही झालं नाही. का झालं नाही, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

सकाळी दारात आंटी. डोळे सुजलेले, हातात ती बाटली. "चल बेटा. तुझे बोलना आता है।"

नर्सरीवाला कुंड्यांना पाणी घालत होता. मी विचारलं, यात काय आहे?

"दवाई है जी।"

"कौन सी?"

त्याने पाइप खाली ठेवला, बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पीछे से खुली आती है। नाम तो हमें भी नहीं बताते।"

चौकातल्या सभेत मला माइकसुद्धा लागत नाही, पण इथे ओरडायचं कुणावर?

आंटी मात्र गेटपाशी गेल्या. एक बाई नारंगीची कुंडी उचलून गाडीकडे निघाली होती. आंटींनी तिची वाट अडवली. "बच्चे हैं घर में?"