माळ्यावरची तुळई

आमच्या गावात फेरमापे आडनावाचं कुणीच नाही, तरी आमच्या सुतारकाकांच्या नावानं येणाऱ्या पत्रांवर 'श्री. फेरमापे' असंच लिहिलेलं असतं. मी पोस्टात खिडकीवर बसते, म्हणून मला माहीत. फळी कापायची तर हा माणूस तीनदा मोजणार, पेन्सिल कानामागे खोचणार, करवत उचलणार, खाली ठेवणार आणि म्हणणार, "थांबा, फेर माप घेऊ." गिऱ्हाईक टेकीला येतं. पण त्यांच्या हातून कधी चुकीचा तुकडा पडला नाही, असं अख्खं गाव छातीठोकपणे सांगतं.

यंदा धाकट्या भावाची कंपनी बंद पडली. त्याचा फोन आला, "ताई, माळ्यावर आमच्यापुरती खोली होईल? शाळा सुरू व्हायच्या आत झाली तर आम्ही तिकडे येतो. नाहीतर हिच्या माहेरच्या गावी घर बघतो." त्याला नऊ वर्षांची जुळी पोरं. मी एकटी. दिवसभर खिडकीपुढे माणसांची रीघ आणि संध्याकाळी घरात चिटपाखरू नाही. मला ती पोरं घरात हवी होती. स्पष्टच सांगते, त्यासाठी मी कुणाच्याही पाया पडले असते.

अडचण घराच्या वयाची होती. घर दोनशे वर्षांचं. दारावर जुन्या वास्तूंच्या खात्याची पितळी पाटी, आणि ती लागल्यापासून खिळासुद्धा विचारून ठोकावा लागतो. माळा ऐसपैस, पण बरोबर मधोमध छातीच्या उंचीवर एक आडवी तुळई. पलीकडे जायचं तर कमरेत वाकायचं. जिना नेमका तिथेच वर यायला हवा होता, म्हणजे ती तुळई काढून दुसरी डोक्याच्या वर बसवायला हवी होती. खात्याचा नियम सरळ होता: मूळ लाकडाला हात लावायचा नाही, नंतरच्या दुरुस्तीचं असेल तर बदला.

जुन्या लाकडाचं काम फक्त फेरमापेकाकांनाच जमतं. पण ते आमच्याकडे येतील का, याचीच धास्ती होती.

कारण मी चौथीत असताना माळ्याची दुरुस्ती त्यांनीच केली होती. ते वर्ष मला अजून वासासकट आठवतं. शाळेतून आले की दप्तरासकट शिडी चढायची. वर बाबा उलट्या खोक्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचतायत, काका रंधा मारतायत, मधूनच दोघं एखाद्या बातमीवर भांडतायत, आणि चहा गार होतोय. मी रंध्याच्या सालींच्या बांगड्या करून कोपरापर्यंत चढवायची. बाबा इतके हसायचे की खाली आई छताकडे बघायची. मग काम संपलं आणि काका यायचे बंद झाले. कायमचे. रस्त्यात बाबा दिसले तर सायकल गल्लीत वळवायचे. बाबा गेले त्या दिवशी मात्र आले. फाटकापाशी उभे राहिले आणि आत न येताच गेले. त्यालाही आता दहा वर्षं झाली.

मी त्यांच्या कारखान्यात गेले. म्हणाले, "पोरी, माझे गुडघे गेले."

"गुडघे गेले, मग काल सायकलवरून गेलं ते कोण?"

दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा मी फोनवरचा जुळ्यांचा फोटो पुढे धरला. चष्मा लावून तो बघितला आणि आले.

त्याच आठवड्यात खात्याच्या बाई तपासणीला आल्या. गळ्यात कॅमेरा, हातात विजेरी. तुळईपाशी पोचल्या आणि थबकल्या. तुळईच्या एका टोकाला वीतभर लांबीचा तुकडा जोडलेला होता, आणि सांधा असा की नख शिरणार नाही. बाई हरखून गेल्या. "काय हात असेल हो! असा सांधा आज कुणाला जमणार नाही. हे नक्की मूळ बांधकाम. याला धक्का लावायचा नाही." बारा फोटो काढले आणि वहीत तसं लिहूनही टाकलं. आमची खोली तिथेच बुडाली.

मी काकांकडे बघितलं; माळ्यात जुनं काय नि नवं काय, ते त्यांनाच ठाऊक. म्हटलं, आता हे भांडतील. त्यांनी तर हत्यारं पिशवीत भरली आणि निघून गेले. मला असा संताप आला! दोन दिवस मी पोस्टात आल्यागेल्यावर खेकसत होते. भावाला फोन करायला हात धजेना.

तिसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा सदरा घालून पोस्टाच्या खिडकीत उभे. म्हणाले, "चल माझ्याबरोबर खात्यात. एकट्याच्यानं बोलवणार नाही."

बाईंसमोर ते उभेच राहिले. "ती तुळई मी बसवलेली आहे. मूळची कुजली होती. नवी कापताना मी माप चुकलो, वीतभर कमी पडली. दुसरं तेवढं लाकूड नव्हतं. मग तुकडा जोडला, आणि कुणाला दिसू नये म्हणून काजळी नि तेल चोळून काळी केली."

बाई हसल्या. "काका, खोली व्हावी म्हणून सांगताय ना? इतका सुंदर सांधा चूक झाकायला कुणी करतं का?"

काकांचा चेहरा बघवत नव्हता. आयुष्यभराची अब्रू टेबलावर काढून ठेवली आणि ती कुणी उचलेचना. शेवटी म्हणाले, "सांध्यातली पाचर काढा. मागे फट राहिली होती, तिथे मी एक पट्टी ठोकलीय."

दुसऱ्या दिवशी बाई समक्ष उभ्या राहिल्या. काकांनी पाचर सैल केली आणि आतून लाकडी फूटपट्टीचा अर्धा तुकडा ओढून काढला. त्यावर शाईनं, माझ्याच वाकड्यातिकड्या अक्षरात: इयत्ता चौथी, तुकडी ब.

"काका!" मी ओरडले. "या पट्टीपायी मला वर्गाच्या बाईंनी तासभर बाकावर उभं केलं होतं!"

"तुझ्या दप्तरातून घेतली," ते मान खाली घालून म्हणाले. "वाळलेलं लाकूड होतं. जाडीला बरोबर बसलं." खात्याच्या बाईंना हसू आवरेना. त्यांनी शिडीखालीच परवानगीवर सही केली.

महिन्याभरात नवी तुळई वर चढली आणि जिना झाला. शाळा सुरू व्हायच्या आधल्या रविवारी भाऊ आला, नि त्याची पोरं सामान उतरायच्या आत वर. गावभर काकांच्या चुकीची बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोकांनी काकांची भरपूर थट्टा केली आणि कामंही पूर्वीसारखीच दिली.

शेवटच्या दिवशी काका जिन्याच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "तुझे बाबा आल्यागेल्याला वर न्यायचे. म्हणायचे, बघा, माझ्या मित्राचं काम, एक माप चुकलेलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून यायचं सोडलं. उद्या सांगू, परवा सांगू, करता करता ते गेलेच." मग हळूच विचारलं, "त्यांना कळलं होतं का गं?"

हो म्हणावं असं मनात आलं. हो, कळलं होतं, खूप हसले होते. पण मला खोटं जमत नाही.

"नाही, काका. काम संपलं त्या दिवशी बाबा थट्टेत म्हणाले होते, 'तुझ्यापेक्षा गोगलगाय बरी.' त्यांना वाटायचं, तेच तुमच्या मनाला लागलं. शेवटच्या आजारपणातही मला म्हणाले, माझ्या जिभेनं मी माणूस तोडला."

"असं म्हणाले होते?" काका म्हणाले. "मला तर आठवतही नाही."

आणि म्हातारा माणूस पायरीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. मी शेजारी बसले. मला त्यांचा राग आला, बाबांचा आला, आणि दोघांची कीवही आली. वर पोरं इकडून तिकडे धावत होती, ताठ, न वाकता.