नारिंगी जाकिटांची चोरी

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येतं. पोलीस खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाने असं म्हणणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. आमच्या आठवणी म्हणजे खून, दरोडे आणि पंचनामे, असा लोकांचा समज असतो आणि तो फारसा चुकीचाही नाही. पण या प्रकरणात चोरी झाली, चोरीची कबुलीही मिळाली, आणि तरी त्या संध्याकाळी माझं अख्खं ठाणं हसत घरी गेलं. नाव कुणाचंच लिहिणार नाही. ज्याची त्याला ओळख पटेलच.

तेव्हा माझी नेमणूक सोलापूर जिल्ह्यात मंद्रूपच्या बाजूला होती. आमच्या हद्दीत सीना नदीच्या काठावर एक गाव होतं. नदी फुगली की गावातला ओढा उलटा भरायचा आणि पलीकडची खालची वस्ती तुटायची. म्हणून गावाने आपत्ती मदत दल काढलं होतं. गावातलेच तरुण, पगार नाही, मानधन नाही. एका योजनेतून त्यांना पाण्यात तरंगणारी नारिंगी जाकिटं, दोरखंड, हवेच्या ट्यूबा आणि बोलायचा हातातला भोंगा मिळाला होता. दलाचा प्रमुख सोलापुरात एका कचेरीत कारकून होता. माणूस सज्जन, पण टापटिपीचा इतका की त्याच्या मोटारसायकलच्या सीटवरचं दुकानातलं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं.

तोच न्याय त्याने जाकिटांना लावला. दसऱ्याला ती मांडून हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पिशव्यांसकट ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलूपबंद केली. सव्वीस जानेवारीला दलातले गडी ती अंगात घालून फोटो काढायचे आणि पुन्हा घडी करून आत. पाण्यात घातली तर खराब होतील, असं प्रमुखाचं म्हणणं होतं. वापरलेली वस्तू पाहणीत वाईट दिसते, हेही त्याचंच.

पावसाळ्याच्या शेवटी वरून कुणी पाहणीला येणार असा निरोप आला म्हणून त्याने खोली उघडली, तर जाकिटं, दोर, भोंगा सगळं गायब. पूजेची सुपारी तेवढी जागेवर होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो तडक ठाण्यात आला आणि तक्रारी अर्ज पुढे ठेवून म्हणाला, "साहेब, गुन्हा दाखल करा. पूर आला तर गाव मरंल."

मी जागेची पाहणी केली. कुलूप शाबूत, कडी शाबूत, खिडकीचे गज शाबूत. कुलूप न तुटता माल जातो तेव्हा चोराची किल्लीशी ओळख असते, हे पोलिसात पहिल्या वर्षी शिकवतात.

"किल्ली कुठं असते?" मी विचारलं.

"माझ्या घरी. खुंटीला."

"घरी कोण कोण?"

"आई अन् मंडळी. साहेब, घरच्यांवर संशय घेताय काय? आमच्या हिला तर पाण्याची भीती वाटती."

घरातून किल्ली गेली हे मला दिसत होतं, पण चोरीला हेतू लागतो. कारकुनाच्या घरातल्या दोन बायका तरंगणाऱ्या जाकिटांचं करणार काय, हे काही केल्या सुचेना.

खबर मिळाली फाट्यावरच्या चहावाल्याकडून. चहावाला हा पोलिसांचा सगळ्यात स्वस्त खबऱ्या. तो म्हणाला, "साहेब, बाजाराच्या दिवशी त्या टेंपोत पोत्याखाली नारिंगी काय तरी दिसलं. भोपळं म्हनावं तर भोपळं असं चपटं नसत्यात."

टेंपो कुणाचा ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावातला एक मुसलमान गडी, मध्यम वयाचा, बोलायला गोड. दर बाजाराला गावातल्या बायकांना भाजीच्या पाट्यांसकट मंद्रूपला न्यायचा आणि आणायचा. दलातला सगळ्यात तरबेज पोहणाराही तोच. त्याचाही एक अर्ज तेव्हा माझ्या टेबलावर होता. गावातली पोरं मंद्रूपच्या शाळेत नेण्या-आणण्याचं काम त्याला मिळणार होतं, बारा महिन्यांची भाकरी होती ती, आणि त्यासाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागत होती. चोरीचा गुन्हा नावावर लागला की शाळा त्याला दारातही उभं करणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चौकशीला बोलावलं. प्रमुख आधीच येऊन बाकावर बसला होता. मी त्याला तिथेच राहू दिलं. तक्रारदार समोर असला की माणसाचा चेहरा जास्त बोलतो.

"जाकिटं तू नेलीस?"

"हौ साब. मी नेली."

मी पेन खाली ठेवलं. सराईत चोर पहिल्या प्रश्नाला आईची शपथ घेतो, नवखा चोर रडतो. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला तरी पाठीशी घालत असतो.

"विकलीस?"

"नक्को साब, तसलं बोलू नका. इकली न्हाय."

"मग कुठं ठेवलीस?"

"ते सांगत न्हाय."

"किल्ली कुणी दिली?"

"ते बी सांगत न्हाय. माझं नाव लिवा की."

प्रमुख बाकावरून ओरडला, "बघा! दलातला माणूस म्हणून विश्वास ठेवला, अन् कुंपणानंच शेत खाल्लं!"

मी टेंपोवाल्याला त्याचा पडताळणीचा अर्ज दाखवला आणि गुन्हा दाखल झाला तर याचं काय होईल ते समजावून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. वाटलं, आता बोलेल. पण त्याने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं आणि विचारलं, "साब, वरच्या धरणातनं पानी किती सोडलंय, काय कळलं काय?"

सकाळपासून त्याचा हा प्रश्न मला, हवालदाराला आणि पाण्याचा माठ भरणाऱ्या बाईलाही विचारून झाला होता. स्वतःची भाकरी जायची वेळ आलेला माणूस नदीची चौकशी करतो, हे गणित मला सुटेना. मी त्याला चहा दिला आणि बसवून ठेवलं.

दुपारी गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. आवाज घाबरलेला. "साहेब, सांगितल्यापरीस लवकर पानी आलं. वड्यात शिरलंय. खालची वस्ती तुटली. गडीमाणसं समदी सोलापूरला कामावर, दलाचा एक पोरगा जाग्यावर न्हाय!"

मी तालुक्याला कळवलं, बोट मागवली. ती यायला वेळ लागणार हे उघड होतं. प्रमुख ताडकन उभा राहिला. त्या दिवशी त्याची आई खालच्या वस्तीत लेकीकडे गेली होती. तो टेंपोवाल्याच्या अंगावर धावून गेला. "माझी आई बुडाली तर तुला सोडणार न्हाय! कुठायत जाकिटं?"

टेंपोवाल्याने त्याचे दोन्ही हात धरले. "दादा, बसा. घाबरू नका. जाकिटं आतापातूर अंगात घातली असतील त्येंनी."

"कुणी?"

टेंपोवाल्याने त्याचे हात सोडले आणि म्हणाला, "आता सांगायला हरकत न्हाय. पान्यात उतरल्या म्हंजे गावाला दिसल्याच. वहिनींनी. आन् गावातल्या बाकीच्या बायांनी. माझी बी हाय तितं. तिनंच शिकवलं समद्यांना."

जीपमध्ये बाकीचं कळलं. दलाच्या पहिल्या बैठकीत प्रमुखाच्या बायकोने विचारलं होतं की आम्हीही येऊ का, आणि पुरुष हसले होते. साडी सावराल की दोर धराल, असं कुणीतरी म्हणालं. बायका घरी गेल्या आणि त्यांनी साधा विचार केला. दिवसा गावात पुरुष नसतातच. सगळे सकाळच्या गाडीने सोलापूरला. मग पूर काय रविवार बघून येणार आहे? टेंपोवाल्याची बायको नदीकाठच्या माहेरची, माशासारखी पोहणारी. सगळ्या तिला भाभी म्हणत. मंद्रूपचा बाजार उरकला की परतीच्या वाटेवर तिच्या ओळखीतल्या मळ्यात पायऱ्यांची विहीर होती, तिथे शाळा भरायची. टेंपोवाला रस्त्याकडेला पाठ करून राखण करायचा. किल्ली खुंटीवरून यायची आणि जाकिटं वाळवून परत जायची. या खेपेला मात्र नदीचा रंग बघून बायकांनी ती परत ठेवलीच नाहीत. घराघरात वाटून घेतली.

"मला का नाही सांगितलं?" प्रमुख पुटपुटला.

"तुमी बंद केलं असतं, दादा," टेंपोवाला म्हणाला. मी आरशातून पाहिलं. प्रमुखाने मान खाली घातली होती.

गावात पोचलो. ओढा रस्त्यावर चढून घोंगावत होता. आणि तिथे जे दिसलं ते बघून माझ्या हवालदाराने कपाळावर हात मारला. अलीकडच्या कडुलिंबाला आणि पलीकडच्या देवळाच्या दगडी खांबाला दोर आवळून बांधला होता. उथळ बाजूला काष्टे मारलेल्या, नारिंगी जाकिटं घातलेल्या बायका दोर धरून हारीने उभ्या होत्या. जाकिटांचे पट्टे सैल पडू नयेत म्हणून त्यांना साडीच्या पिना मारल्या होत्या. ट्यूबेत बसवून म्हातारीकोतारी, लेकरं, एकदा तर एक बावचळलेली शेळीसुद्धा हातोहात पुढे सरकत होती. मध्यभागी, सगळ्यात खोल जागी, भाभी होती. आरडाओरडा नाही, रडारड नाही. एखाद्या लग्नाच्या पंगतीत वाढपी जसे न सांगता वाढत जातात, तसं काम चाललं होतं.

पलीकडच्या देवळाच्या कट्ट्यावर भोंगा घेऊन उभी होती ती प्रमुखाची बायको.

आईला शोधत प्रमुख पाण्याकडे धावला, तसा भोंगा कडाडला. "अहो! तितंच थांबा! पान्यात पाय घालू नगा! पोहायला येत न्हाय तुमाला!"

आपत्ती मदत दलाच्या प्रमुखाला पोहता येत नाही, हे अख्ख्या गावाला त्या क्षणी कळलं. दोर धरलेल्या बायकांमध्ये असा हशा पिकला की भाभीला ओरडून सगळ्यांना भानावर आणावं लागलं. प्रमुख घोट्याएवढ्या पाण्यात खांबासारखा उभा राहिला.

टेंपोवाला आणि माझे दोन शिपाई कंबर कसून उतरले. पण खरं सांगतो, बायकांनी त्यांना शेवटच्या टोकाला उभं केलं आणि दोर धरायचं काम दिलं. प्रमुखाची आई ट्यूबेतून आली तेव्हा तिने अंगातलं जाकीट काढायला साफ नकार दिला. "असू दे की रं. लई ऊबदार हाय," ती लेकाला म्हणाली. लेकाने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तालुक्याची बोट आली तेव्हा पलीकडे फक्त दोन कुत्री राहिली होती. बोटवाल्यांनी ती आणली.

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात चुली पेटल्या. मी मुद्दाम गंभीर तोंड करून तक्रारदाराला म्हणालो, "तुमचा चोरीला गेलेला माल सापडलाय. ओळखा आणि चोरांची नावं सांगा, म्हणजे गुन्हा दाखल करतो."

चिखलाने माखलेली जाकिटं घालून बायका चहा पीत होत्या. एकाही जाकिटावर प्लास्टिकची पिशवी राहिली नव्हती. प्रमुख बायकोकडे बघत राहिला, मग हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चोरी झालीच न्हाय, साहेब. वस्तू जिथं पायजे तिथंच होती." मग तो उठून टेंपोवाल्याजवळ गेला आणि सगळ्या गावासमोर त्याला मिठी मारली. पुढच्या बैठकीत बायकोचं नाव दलप्रमुख म्हणून त्यानेच सुचवलं, आणि मला कळलं त्याप्रमाणे विहिरीवरच्या शाळेत पहिलं नाव स्वतःचं घातलं.

आता मी जुळे सोलापुरात राहतो. आमच्या सोसायटीत आग लागली तर काय करायचं यासाठी मध्ये एक समिती झाली. सगळे नोकरदार पुरुष. मी एकच विचारलं, भर दुपारी बिल्डिंगमध्ये कोण असतं? आता समितीत पाच नंबरच्या आजी आहेत, वॉचमन आहे, आणि सरावाला आजीच सगळ्यांत पुढे असतात. संकटात कोण धावून येईल हे ठरवताना आपण अंगातला जोर बघतो. त्या वेळी जागेवर कोण आहे, हे बघायला मला त्या गावाने शिकवलं.

टेंपोवाल्याचं एक सांगायचं राहिलं. दोन दिवसांनी पडताळणीचा दाखला न्यायला तो ठाण्यात आला. मी सही करून दाखला हातात दिला आणि विचारलं, "अरे, मी सगळं समजावून सांगत होतो. तुझं काम हातचं गेलं असतं. तरी तोंड का उघडलं नाहीस?"

तो लाजला. "काम गेलं असतं तर दुसरं घावलं असतं, साब. पन त्या बायांनी माझ्यावर इस्वास ठेवून घराभायेर पाऊल टाकलं हुतं. मी बोललो असतो तर परत कवा टाकलं असतं त्येंनी?"

मी खुर्चीतून उठलो. आमच्या खात्यात उघड्या डोक्याने सलाम करत नाहीत, म्हणून टेबलावरची टोपी आधी डोक्यावर चढवली. ते पाहून हवालदाराला वाटलं, कुणी वरिष्ठ आले. तोही घाईघाईने उठून ताठ उभा राहिला. मी टाचा जुळवल्या आणि टेंपोवाल्याला कडक सलाम ठोकला. तो इतका गडबडला की दाखला उजव्या हातात असल्यामुळे त्याने मला डाव्या हाताने उलट सलाम केला. नोकरीत मी मोठमोठ्या माणसांचे सलाम घेतले. त्यातला तोच एक अजून माझ्याजवळ आहे.