एका कोल्ड कॉफीत चार तास

जळगावात बसून मी आजवर दोन तलाठी, एक फौजदार आणि बँकेतली एक बाई तयार केली आहे. खोटं वाटत असेल तर येऊन विचारा! आता तयार केली म्हणजे काय, तर अभ्यास त्यांनी केला आणि टेबल मी पुसलं. मी स्वतः नववी नापास. तेही गणितात नाही, मराठीत!

डाळ मिलमध्ये तीस वर्षं काढली, पण एवढे किस्से तिथे जमले नाहीत. मशीनच्या आवाजात शेजारचा शिवी देतोय की जेवायला बोलावतोय, तेच कळायचं नाही. रिटायर झालो आणि सुनेने, मोनालीने, कॉलेजच्या रस्त्याला कॅफे काढला. मला म्हणाली, "नाना, घरी बसून शेजाऱ्यांना छळण्यापेक्षा इथे येऊन बसा."

बसलो. पाहतो तर काय, पोरं कॉफी प्यायला येतच नाहीत, अभ्यासाला येतात! सगळी स्पर्धा परीक्षावाली. तेव्हापासून किस्से असे साचलेत की घरी तोंड उघडलं की बायको टीव्हीचा आवाज वाढवते. म्हणून तुम्हाला सांगतो.

*

पारोळ्याचा भूषण. फौजदार व्हायला निघालेला. सकाळी दहाला एक कोल्ड कॉफी घ्यायचा आणि दोनपर्यंत हलायचा नाही. ग्लासच्या तळाशी बोटभर कॉफी मात्र कायम शिल्लक. ग्लास रिकामा झाला की उठावं लागतं, असा त्याचा समज. हा नियम त्याला कोणी सांगितला नव्हता, त्यानेच स्वतःवर लादून घेतला होता!

मग माझा हात शिवशिवायला लागला. तो फोनवर बोलायला बाहेर गेला की मी ग्लासात थोडं गार दूध ओतायचो. हा यायचा, पुस्तकात डोकं घालायचा, दोन घोट घ्यायचा, बोटभर ठेवायचा. पुन्हा फोन, पुन्हा दूध.

चौथ्या दिवशी त्याने मोनालीला हाक मारली. तो खुशीत आला की अहिराणीत येतो.

"वहिनी, तुमना ग्लास भलता खोल शे!"

मोनालीला माझ्या उद्योगाचा पत्ता नव्हता. तिने आत जाऊन ग्लास मापून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी लहान ग्लास आणले!

*

एवढी मोठी लायब्ररी असताना इथे का मरता, असं मी प्रत्येकाला विचारतो. भूषण म्हणाला, "नाना, तठे इतली शांतता शे की झोपच लागस!"

कविताचं कारण वेगळं. कविता यावलकडची, केळीवाल्या आबांची पोरगी. इथे मावशीकडे राहून तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करायची. आबांनी तिला साफ बजावलं होतं की परीक्षा ही एकच. यादीत नाव आलं तर नोकरी, नाही तर बघून ठेवलेलं स्थळ. आणि अभ्यास करायचा तो अभ्यासिकेतच. तिथली पार्टिशनवाली खुर्ची आबा स्वतः बसून, हलवून पाहून गेले होते.

पोरगी त्या खुर्चीत तीन दिवस टिकली.

"नाना, शेजारच्याने पान उलटलं की वाटतं, तो माझ्या पुढे गेला. दिवसभर मी त्याचीच पानं मोजत बसते!"

म्हणून ती आमच्याकडे आली. आबांना ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर परीक्षा गेली खड्ड्यात, त्याच दिवशी बॅग आणि पोरगी दोन्ही यावलच्या बसमध्ये. अशा पोरीला घाबरवणं सोपं असतं, पण एकदा पुस्तक उघडलं की ती कोणाची नाही. मी जवळ गेलो की मान वर न करता म्हणायची, "नाना, नंतर."

*

एकदा मी भिंतीवर पाटी लावली, "शांतता राखा". उगाच, गंमत म्हणून!

त्याच दुपारी कॉलेजच्या पोरापोरींचं टोळकं केक घेऊन आलं. पाटी बघून बिचारी चपापली. दहा जण केकभोवती उभे राहून कुजबुजत हॅपी बर्थडे म्हणाले. टाळ्या दोन-दोन बोटांनी! मेणबत्ती विझवताना वाढदिवसाच्या पोरीने फुंकरसुद्धा हळूच मारली. ती काही विझली नाही.

मी हसू दाबतोय, तोवर कविता आणि भूषण बॅगा भरायला लागले.

"काय झालं?"

कविता म्हणाली, "आवाज बंद झाला ना, नाना. आता कुठे लक्ष लागणार?"

मोनालीने पाटी काढली, आत गेली आणि रिकामा मिक्सर फिरवला. तेव्हा कुठे पोरं बसली!

*

प्लगजवळच्या खुर्च्यांसाठी भांडणं व्हायची. मग पोरांनी एसटीची पद्धत आणली. खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, तसा खुर्चीवर रुमाल टाकला की खुर्ची आपली. रुमालाला कोणी हात लावायचा नाही.

एके दिवशी मी लवकर आलो आणि आठच्या आठ खुर्च्यांवर घरचे रुमाल टाकून ठेवले.

पोरं आली. खुर्च्या सगळ्या रिकाम्या आणि पोरं भिंतीला टेकून उभ्याने वाचताहेत! अर्धा तास झाला, तास झाला. मी काउंटरमागे बसून तोंडात उपरणं कोंबलेलं.

शेवटी भूषण जवळ आला. गंभीर झाला की तो शुद्ध मराठीत बोलतो.

"नाना, हे आठ जण कोण आहेत? इतक्या उशिरा येणारे पास कसे होणार?"

*

याच भूषणाची मी एकदा परीक्षा घेतली. त्याचंच पुस्तक उघडून किल्ले विचारायला लागलो. कुठला कोणत्या जिल्ह्यात, कोणी बांधला, किती उंच. पठ्ठ्या धडाधड सांगत होता. शेवटी मी पुस्तक मिटलं.

"बरं, पारोळ्याचा किल्ला कोणी बांधला?"

याचं घर त्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर! लहानपणी तिथेच क्रिकेट खेळलेला. डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं, मग माझ्यावरच उखडला.

"तो सिलॅबसमा नही शे ना, नाना!"

*

आता आबांचं सांगतो.

कविताच्या परीक्षेला बारा दिवस उरले होते. गावचा कोणी माणूस सोनं घ्यायला जळगावला आला होता. त्याने काचेतून तिला पाहिलं आणि गावी जाऊन सांगितलं की तुमची पोरगी कॉफीच्या हॉटेलात बसते.

दुसऱ्याच दिवशी पांढरी टोपी, पायजमा आणि हातात कापडी पिशवी घेतलेला एक माणूस दारातून आत आला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. मी विचारलं, "काय देऊ?"

"पानी. आनि कविता कुठी बसते ते सांगा. मी तिचा बाप."

कविता चार हातांवर, आमच्याकडे पाठ करून, कानात ते गाण्याचे बोळे घालून बसलेली.

"कविता? ती अभ्यासिकेत असेल ना, आबा."

"मंग ही पाठमोरी कोन हाये?"

"ही? ही दुसरी. बँकेवाली."

"ओढनी तर मी सोता आनेल हाये," आबा म्हणाले.

मी उठून तिच्याकडे निघालो, तर त्यांनी माझा हात धरला. "सांगू नका तिले. बसू द्या मले."

मी मान डोलावली. पण पोरीला सावध करायला नको? ती पुस्तक मिटून वळणार, समोर बापाला पाहणार, गांगरणार, रडणार! मग मी फडकं घेतलं आणि तिचं टेबल पुसता पुसता कुजबुजलो, "आबा आलेत."

तिने कानातला एक बोळा काढला. "नाना, मागच्या आठवड्यातही तुम्ही हेच म्हणालात. मी घाबरून टेबलाखाली लपले होते." आणि बोळा परत कानात!

थोड्या वेळाने मी मुद्दाम तिच्याजवळ चमचा पाडला. तिने तो पायाने बाजूला सारला. मग पंखा बंद केला. तिने वहीने वारा घेत पुढचं पान काढलं. नंतर खोकलो. खोकून खोकून मला खरंच ठसका लागला, तर तिने न बघता पाण्याची बाटली पुढे केली. शेवटी कागदी रुमालावर लिहिलं, "देवाशपथ, तुझे आबा मागे बसलेत." तिने तो घेतला, न वाचताच घडी घातली आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवला!

असे दोन तास गेले. आबांनी कॉफी घेतली नाही, फोन काढला नाही, नुसतं लेकीच्या पाठीकडे बघत राहिले. मिक्सर फिरला, एक टोळकं येऊन गोंधळ घालून गेलं, एक बाळ रडलं. पोरीची मान वर झाली नाही.

आबा उठले. पिशवीतून केळ्यांची फणी काढून काउंटरवर ठेवली. मला वाटलं, ही निरोपाची फणी. मी हात जोडले.

"आबा, चूक आमची आहे, पोरीची नाही. पाहिलंत ना, कशी बसते ती? बारा दिवस राहिलेत. एवढ्यात नका नेऊ तिला."

आबांनी टोपी नीट केली.

"तिले काब्र नेऊ? दोन घंट्यांत तिनं मान वर केली नाही. पन तुम्ही पाच डाव गेले तिले उठवाले! पोरगी र्‍हाऊ द्या इथंच. तुम्ही चला माझ्यासंगं यावलले, परीक्षा होईपर्यंत!"