हात लागला तो मोहरा

बारा वर्षं नागपुरातल्या बुद्धिबळ स्पर्धांना पंच म्हणून उभा आहे. निकाल कागदावर जातात, किस्से माझ्याकडे साचतात. बायको म्हणते, "दोन माणसं दिवसभर गप्प बसतात, त्यात घडतं काय?"

घडतं.

फोन वाजला की डाव गेला, असा नियम. मौद्याच्या बोरकर गुरुजींचा जिंकत आलेला डाव असाच गेला. बाहेर जाऊन त्यांनी बायकोला फोन लावला. तिनं निकाल विचारला असावा. गुरुजी शांतपणे म्हणाले, "तुझा फोन येईस्तोवर जिंकून राहिलो होतो."

एकदा जेवणानंतरच्या फेरीत एक खेळाडू विचार करता करता झोपलाच. घड्याळ त्याचं चालू, वेळ संपली की हार. पंचानं खेळाडूला उठवायचं नसतं. समोरचा मला हळूच म्हणाला, "झोपू द्या न सर." पण पाच मिनिटं उरली तेव्हा तोच असा खोकला, की शेजारचे डाव थांबले. नंतर विचारलं, "काहून खोकला गा?"

"झोपलेल्याले हरवून घरी काय सांगू, सर?"

आणि वानखेडे काका. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, हात थरथरतो. रेटिंग चौदाशे. पहिल्याच फेरीत समोर आली रामदासपेठेतली डॉक्टर ऋचा, रेटिंग एकवीसशे. सगळ्यांनी निकाल धरूनच ठेवला होता. पण तीन तासांनी काकांचा वजीर मात द्यायला एका चालीवर उभा! काकांनी हात पुढे केला, तो थरथरला, आणि बोटं शेजारच्या स्वतःच्याच राजाला लागली.

ज्या मोहऱ्याला हात लागला, तोच चालवायचा. मी दूर होतो. तक्रार ऋचानं करायची.

ती म्हणाली, "काका, मी काही पाहिलं नाही. खेळा तुम्ही."

"तू नाही पाह्यलं बेटा. मी तं पाह्यलं न."

काकांनी राजा हलवला. तासाभरात ते हरले. दोघांनी सह्या केल्या, मी निकाल लिहून घेतला. काका पिशवी उचलत होते.

"बसा न काका," ऋचा म्हणाली. तिनं मोहरे पुन्हा त्या चुकीआधीच्या जागी मांडले. "आता खेळा तुमची चाल."

काकांनी उजवा हात डाव्या हातानं धरला आणि वजीर हळूच पुढे सरकवला.

मात झाली. तिनं आपला राजा आडवा केला.