चारी बाजूंनी बघणारी गाडी

माझे सासरे चौतीस वर्षं ड्रायव्हर होते. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यातली शेवटची बावीस वर्षं त्यांनी एकाच बाईंची गाडी चालवली. बाई लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांना गाडी चालवता येत नाही, शिकायची कधी वेळच आली नाही, कारण सकाळी पावणेनऊच्या ठोक्याला अण्णा गाडी पुसून फाटकाशी उभे असायचे. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. स्वतः ते ही गोष्ट फारशी बोलत नसत. दुसऱ्या कुणी काढली की मात्र हातातलं काम थांबवून ऐकायचे.

सासूबाई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. माझा नवरा बाहेरगावी नोकरीला, महिन्यातून दोन दिवस येतो. मी तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. शर्ट समोर येतो, मी काज बघते, बटण ओढून बघते, सुटलेला धागा शोधते. दिवसाकाठी चारशे शर्ट. दिवसभर खोट काढायची सवय झालेली, म्हणूनच बहुतेक अण्णांच्या डोळ्यांचं सगळ्यात आधी मला कळलं.

चहाचा कप मी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवायचे आणि पाच मिनिटांनी ते विचारायचे, "अगं, चहा टाकतेस ना?" आधी वाटलं, चेष्टा करताहेत. मग बाथरूमच्या चौकटीवर त्यांचा डावा खांदा दोनदा आपटला. एकदा मी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिले, तर असे दचकले की हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं. पुढे दाढीच्या डब्यात ब्लेड शोधताना मला डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली सापडली. तिच्याखाली घडी घातलेला कागद होता. डोळ्यांच्या दवाखान्याचा, चार महिन्यांपूर्वीचा.

"काचबिंदू आहे," अण्णा म्हणाले. मी बाटली टेबलावर ठेवली होती. ते माझ्याकडे न बघता बाटलीकडे बघत बोलत होते. "समोरचं सगळं लख्ख दिसतं. कडेचं जरा जातं."

"जरा म्हणजे?"

"जरा म्हणजे जरा. लायसन्सच्या तपासणीला अख्खा तक्ता वाचलाय मी, शेवटच्या ओळीपर्यंत. तो माणूस म्हणाला, काका, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"आणि या कागदावर काय लिहिलंय? गाडी चालवू नये."

अण्णांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग त्यांनी मला नव्या गाडीचं सांगितलं.

डॉक्टरबाईंकडे धाप लागलेली, छातीत घरघर होणारी मुलं रोज यायची. आपणच दवाखान्याच्या दारात धूर सोडत उभं राहायचं, याची त्यांना लाज वाटायला लागली होती, म्हणून त्यांनी विजेवर चालणारी गाडी घ्यायचं ठरवलं. घ्यायचीच तर आयुष्यात एकदा भारीतली घेऊ, असं म्हणून त्यांनी परदेशी कंपनीची मोठी गाडी नोंदवली. तिची माहितीपुस्तिका अण्णांनी उशाशी ठेवली होती. त्यांनी मला ती उघडून दाखवली. गाडीच्या चित्राभोवती निळी वर्तुळं काढलेली होती.

"हे बघ. पुढे कॅमेरा, मागे कॅमेरा, दोन्ही आरशांखाली कॅमेरे. कडेनं कुणी आलं तर ही आधी शिट्टी देते, आणि आपण नाही थांबलो तर स्वतः थांबते. चारी बाजूंनी डोळे आहेत हिला. माझं जे गेलंय ना, नेमकं तेच हिच्याकडे आहे." त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "चार महिन्यांत येतेय. तेवढं सांभाळून घेतो. तू कुणाला बोलू नकोस. त्यालाही नाही."

त्यालाही म्हणजे माझ्या नवऱ्यालाही. मी मान हलवली. का हलवली, ते आजही मला धड सांगता येत नाही. त्यांचं तोंड बघवलं नाही, एवढंच.

चार महिने झाले, गाडी आली नाही. शोरूममधून फोन आला की आतल्या कातड्याचा रंग बाईंनी जो निवडलाय तो संपलाय. मग जहाजाला उशीर झाला. मग गाडी आली, पण दुसऱ्याच कुणाची निघाली. दर वेळी बाई हसून म्हणायच्या, "काका, आपल्या नशिबात अजून धूरच आहे." दर वेळी अण्णा घरी येऊन कॅलेंडरवरची आधीची खूण खोडायचे आणि पुढच्या महिन्यात नवी करायचे.

सुट्टीच्या दिवशी ते शोरूममध्ये जाऊन नमुन्याच्या गाडीत बसायचे. तिथली पोरगी त्यांना ओळखायला लागली होती. परत आले की मला शिकवल्यासारखं सांगायचे. हिला गिअर नाही. पाय उचलला की ही आपोआप मंदावते, आणि मंदावताना स्वतःच थोडी वीज भरून घेते. किल्लीच्या जागी पत्त्याएवढं कार्ड. दाराच्या मुठी आत दडलेल्या, जवळ गेलं की बाहेर येतात. बाईंच्या पोर्चमध्ये भिंतीवर चार्जरचा डबा बसवून झाला होता. त्याच्यावरची धूळ अण्णा रोज पुसायचे.

या सगळ्या दिवसांत ते जुनी गाडी चालवतच होते. सातव्या महिन्यात फाटकाच्या खांबाला लागून डावा आरसा तुटला. बाईंना त्यांनी सांगितलं की फाटक वाऱ्यानं लोटलं गेलं. मला सांगितलं ते खरं. त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी भांडले. "अण्णा, तो खांब होता. त्याच्या जागी पोर असतं तर? दवाखान्याच्या दारात सगळी पोरंच असतात."

"मी मान फिरवून बघतो आता. दर वळणाला. दहाच्या वेगानं जातो."

"बाईंना सांगा. त्या तुम्हाला टाकून देणार नाहीत."

"टाकणार नाहीत, ते माहितीये मला," अण्णा म्हणाले. "खुर्ची देतील बसायला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतील, हे आमचे जुने ड्रायव्हर." मग म्हणाले, "महिनाभरात येतेय गं. या वेळी नक्की."

मी फोन हातात घेतला होता. नवऱ्याचा नंबर काढला होता. मग तो ठेवून दिला आणि जेवणाची ताटं घेतली. कारखान्यात एक काज चुकलं तर शर्ट बाजूला काढणारी मी, घरात सरळ डोळेझाक केली.

गाडी अकराव्या महिन्यात आली. बाईंनी मलाही बोलावलं. "सूनबाईंनाही आणा, काका. अकरा महिने त्यांनी तुमच्या तोंडून या गाडीचं ऐकलंय, आता एकदा बसू तरी देत."

सकाळी अकराची वेळ दिली होती. अण्णांनी नवा शर्ट घातला होता, केस बारीक कापून घेतले होते. शोरूमच्या काचेच्या खोलीत गाडी चादरीखाली झाकून ठेवली होती. त्या पोरीनं बाईंच्या हातात फुलांचा गुच्छ दिला आणि म्हणाली, चादर तुम्ही ओढा. बाई म्हणाल्या, "काका ओढतील." अण्णांनी चादर ओढली. गडद निळी गाडी. मी चांगली वस्तू ओळखते. दारावरून हात फिरवला तर कुठे जोड लागत नव्हता.

अर्धा तास ती पोरगी एकेक बटण समजावत होती आणि अण्णा तिच्या आधीच उत्तरं देत होते. ती हसून म्हणाली, "काका, तुम्हीच आता आमच्याकडे शिकवायला या." बाई हसल्या. अण्णाही हसले. गेल्या वर्षभरात मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. माझ्या मनात आलं, झालं, आलो एकदाचे काठाला.

आम्ही दोघी मागे बसलो. गाडी निघाली तेव्हा निघाली हेसुद्धा कळलं नाही, इतकी ती मुकी. मोठ्या रस्त्यानं अण्णांनी ती सुरेख नेली. मध्येच एक बारीक शिट्टी वाजली, पडद्यावर डाव्या बाजूला नारिंगी खूण आली. दोन मिनिटांनी परत. मग परत.

"ही सारखी का वाजते?" बाईंनी विचारलं.

"नवीन आहे, बाई. जरा जास्तच काळजी घेते."

औषधाच्या दुकानापाशी वळताना मला डावीकडून येणारी एक अनोळखी बाई दिसली. पन्नाशीची असेल. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं पदर सावरत ती रस्ता ओलांडायला उतरली. ती मला पूर्ण दिसत होती. अण्णांची मान समोर होती. मला कळलं की त्यांना ती दिसत नाहीये. मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. अकरा महिने गप्प राहिलेलं तोंड ते.

शिट्टी एकदम कर्कश झाली आणि गाडी जागच्या जागी थांबली. पट्ट्यानं माझी छाती आवळली. बाईंचा गुच्छ पुढच्या सीटवर जाऊन पडला. त्या बाईचा हात गाडीच्या बॉनेटवर होता, इतकी ती जवळ होती. तिची पिशवी खाली पडली होती. ती काचेतून अण्णांवर ओरडत होती, "आंधळा आहेस का रे?"

तिला काही लागलं नव्हतं. डॉक्टरबाई उतरल्या, तिची पिशवी उचलून दिली, तिचा हात धरून माफी मागितली. ती बडबडत निघून गेली. बाई परत आल्या त्या मागे बसल्या नाहीत. पुढचं दार उघडून अण्णांच्या शेजारी बसल्या.

"काका, ती बाई तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली. ब्रेकवर पायच होता माझा."

"समोर बघा. त्या दुकानाच्या पाटीकडे. मान हलवू नका." बाईंनी अण्णांच्या डाव्या कानाच्या रेषेत हात धरला आणि हळूहळू पुढे आणला. "बोटं किती?"

अण्णा पाटीकडे बघत राहिले. "कुठे?" ते म्हणाले.

हात जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आला तेव्हा ते म्हणाले, "दोन."

बाईंनी हात खाली घेतला. मागून गाड्या हॉर्न देत होत्या. "कधीपासून?"

"दीड वर्ष होईल."

मग त्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.

त्या परत समोर वळल्या. पुढे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "रोज दोनदा यांच्या गाडीत बसत होते मी. बावीस वर्षं मागून यांची मान बघितली. डोळ्यांत कधी बघितलंच नाही."

गाडी घरी न्यायला कुणी नव्हतं. शोरूमला फोन करून त्यांचा माणूस बोलवावा लागला. तो येईपर्यंत अण्णा रस्त्याच्या कडेला उभे राहिले. तो आल्यावर त्यांनी ते कार्ड त्याच्या हातात दिलं आणि माझ्या शेजारी मागे बसले. मागच्या सीटवर हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते मांडीवर एकावर एक ठेवले. घरापर्यंत शिट्टी एकदाही वाजली नाही.

बाईंनीच त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं, ऑपरेशन करवलं. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आहे तेवढं राहील, गेलेलं येणार नाही. दीड वर्षापूर्वी नीट उपचार केले असते तर पुष्कळ वाचलं असतं. बाटलीतलं औषध तर अण्णांनी सहा महिन्यांपूर्वीच बंद केलं होतं. त्यानं डोळे चुरचुरतात आणि गाडी चालवताना पाणी येतं, म्हणून. हे मलाही तिथेच कळलं.

नवऱ्याला मी फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले, त्यांनी शपथ घातली होती. ते खोटं होतं. शपथ कुणी घातली नव्हती.

बाईंनी दवाखान्यात अण्णांना काम दिलं, आलेल्या मुलांना नंबर द्यायचं. आठ दिवस ते गेले. नवव्या दिवशी एक रांगतं पोर डावीकडून त्यांच्या पायाशी आलं आणि उठताना अण्णांचा बूट त्याच्या बोटांवर पडला. फार लागलं नाही. पोर रडलं, बाईंनी बोटं तपासली, पट्टीसुद्धा बांधावी लागली नाही. अण्णा घरी आले, बूट काढले आणि परत गेले नाहीत.

दोन महिन्यांनी बाई आमच्याकडे आल्या. नवा ड्रायव्हर खाली थांबला होता. त्यांनी चहा घेतला. मला म्हणाल्या, "मला राग आलेला नाही, असं मी म्हणणार नाही. दवाखान्याच्या दारातली मुलं बघितली की मला अजून तोच विचार येतो." मी म्हणाले, मलाही येतो. त्यांनी कप खाली ठेवला.

अण्णा समोरच्या खुर्चीत बसले होते. बाई जायला उठल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "गाडी बरी चाललीय?"

"चांगली आहे, काका."

"चाकांतली हवा बघत जा म्हणावं त्याला. ती जड असते, टायर लवकर झिजतात."

"सांगते," बाई म्हणाल्या, आणि गेल्या.

अण्णा जिन्यापर्यंत पोचवायला उठले नाहीत. जिना डावीकडे आहे. मी कप उचलले. त्यांनी विचारलं, "गेल्या का?" मी हो म्हणाले आणि दार लावून घेतलं.